झुंबराचे वय कसे ओळखावे?

१/ ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील दरबार हॉलमध्ये दोन झुंबरे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये हा महाल उभारला. छत हा भार पेलेल का, हे अजमावण्यासाठी त्यावर हत्ती चढवले गेले, असे सांगतात. हत्तींची संख्या मात्र सांगणाऱ्यागणिक बदलते!

२/ घरासाठी जुने झुंबर घेताना हत्ती नकोत. पण हूक गिलाव्यात नव्हे, स्लॅबमध्ये वा तुळईत पक्का हवा.

३/ वय मात्र फांद्यांवरून ओळखावे. मेणबत्तीच्या झुंबरात प्रत्येक फांदीच्या टोकाशी वितळलेले मेण झेलणारी ताटली असते. (नव्या नकलांतही ती शोभेपुरती उरली आहे.) गॅसच्या झुंबराच्या फांद्या पोकळ, कारण गॅस त्यांतूनच वाहे. उलट्या मँटलचा अपवाद सोडल्यास ज्योतीचे तोंड वरच असे. दिवे सर्रास खाली वळले ते विजेमुळे.

४/ वीज आली, आणि तार ओवण्यासाठी मेणबत्त्यांच्या कित्येक झुंबरांना भोके पाडली गेली. काही ठिकाणी तार फांदीला बाहेरून गुंडाळली गेली. ती डोळ्यांना खुपते खरी. तरीही निवड करायची तर असेच झुंबर निवडावे. तार काढता येते, काचेतले भोक बुजवता येत नाही.