सरकारी अडगळ

सॅन होजेला ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. टीममधल्या एका मित्राने 1974 ची कॉर्वेट घेतली होती. लाल रंग, लांबलचक नाक, एकदम झकास! पण बॉनेट उघडलं की नुसत्या रबरी नळ्याच नळ्या.

"सगळी सरकारी अडगळ आहे रे," तो म्हणाला. "1970 मध्ये हेच 350 चं इंजिन 300 हॉर्सपॉवर द्यायचं. माझं 195. हे काढलं की बघ!"

एका शनिवारी काढलं. पाना माझ्या हातात होता, म्हणजे मीही अर्धा गुन्हेगार.

आता ही अडगळ आली कुठून? 1943 च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसवर इतकं दाट धुकट पसरलं की लोकांना जपान्यांचा वायुहल्ला वाटला. डोळे चुरचुरत होते, पण कारण कळेना. ते शोधलं कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी. गृहस्थ मूळचे अननसाच्या स्वादावर काम करणारे! 1950 च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की स्मॉग तयार होतो. म्हणजे हल्ला होता खरा, पण आपल्याच गाड्यांचा.

पुढची प्रत्येक नळी या शोधातून आली. पहिला पीसीव्ही व्हॉल्व्ह, 1961 च्या कॅलिफोर्नियातल्या गाड्यांवर. त्याआधी पिस्टनच्या कडेने खाली निसटलेला वायू सरळ रस्त्यावर सोडत. गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा असा जायचा. मग आला एअर पंप. तो एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलतो, म्हणजे उरलंसुरलं पेट्रोल तिथेच जळतं. 1973 च्या आसपास आला ईजीआर. तो जळून गेलेला थोडा वायू परत सिलिंडरमध्ये आणतो, त्याने आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात.

आणि ती गेलेली 105 हॉर्सपॉवर? हा हिशोब मी नंतर रात्री बसून केला. (आधी करायला हवा होता, माहितीये.) 1971 मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन 10.25 वरून 8.5 वर आणलं. 300 चे झाले 270. त्याच वर्षी कंपनीने त्याच इंजिनाचा दुसरा आकडाही दिला: 210. पहिला आकडा उघड्या इंजिनाचा, दुसरा सायलेन्सर, पंखा वगैरे सगळं लावून मोजलेला. 1972 पासून दुसरी पद्धतच रूढ झाली. म्हणजे 105 पैकी 60 निव्वळ मोजमापात गेले आणि 30 कॉम्प्रेशनमध्ये. उरले ढोबळमानाने 15, आणि तेही एकट्या पंपाचे नाहीत. पंप काढून कॉम्प्रेशन परत येत नाही हो!

जुन्या कोडमधली "काहीच न करणारी" ओळ मी उडवली होती, तेव्हा प्रॉडक्शनला काय झालं ते आठवलं. असो.

रविवारी हायवे 17 ने सांताक्रूझला निघालो. चढ लागला आणि इंजिन खडखडायला लागलं. ईजीआर नाही, आतलं तापमान वाढलेलं, त्यात साधं पेट्रोल. पीसीव्ही काढून उघडा ब्रीदर बसवला होता, त्यामुळे गाडीत तेलाचा वास. माझे डोळे चुरचुरले तेव्हा मित्र म्हणाला, "काच खाली कर."

कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या मॉडेलांना स्मॉगची तपासणी नाही. पण तपासणी नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. ही यंत्रणा काढायला 1970 च्या कायद्याने बंदी केली ती कंपन्या आणि डीलरांना. 1977 मध्ये गॅरेजवाले त्यात आले, आणि 1990 मध्ये कोणीही. कोणीही म्हणजे आम्हीही.

पुढच्या शनिवारी ईजीआर आणि पीसीव्ही परत बसवले. पंप अजून त्याच्याकडे खोक्यात पडलाय. बेल्ट मिळत नाही म्हणतो. मिळतो, मी बघितलाय.