करोडगिरीचें नाकें

शेजारच्या गरीब राष्ट्रांनीं आपापसांतील जकाती उठवून एकच बाजार करावा, ही कल्पना अलीकडे फार बोलली जाते. दक्षिण आशियांतील राष्ट्रांचा मुक्त व्यापाराचा करार २००४ सालीं इस्लामाबादेस झाला व १ जानेवारी २००६ पासून अंमलांत आला. आफ्रिकेंतील राष्ट्रांनीं २०१८ सालीं किगाली येथें असाच करार केला आणि त्याखालील व्यापारास २०२१ च्या आरंभीं सुरुवात झाली. हीं नांवें वाचून हा विषय दूरच्या राजधान्यांतला आहे, असें आमच्या वाचकांस वाटेल. तो तसा नाहीं. परभणी जिल्ह्यांतील आजच्या वृद्धांच्या आईबापांनीं जकातीची सीमा, दोन नाणीं आणि दोन राज्यांचे कायदे यांच्या मध्यें आपला सारा संसार केला. मुक्त व्यापारानें दुबळ्या मुलखाचें काय होतें, हें पाहावयाचें असेल तर किगालीपेक्षां पैनगंगेचा कांठ आम्हांस जवळ आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत हे भाग तेव्हां परभणींतच मोडत. हिंगोलीचा वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. पैनगंगेपलीकडे वाशीम, पुसद, उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. त्या प्रांताचा कारभार १८५३ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेला आणि मालकी नांवाला तेवढी निजामाची राहिली. दोन्ही तीरांवर काळी जमीन तीच, पीक तेंच, देव आणि सोयरेहि तेच. तरी एका राज्यकर्त्याचा आणि दुसऱ्याचा बाजार वेगळा झाला. हिंगोलीहून वाशिमास जातांना सीमेवर जें गांव लागतें त्याचें नांव कनेरगांव नाका. त्या नांवाच्या शेपटाकडे आज कोणी लक्ष देत नाहीं.

या सीमेच्या मुळाशीं एक व्यापारी तह आहे, आणि गमतीची गोष्ट अशी कीं तो मुक्त व्यापाराचा तह म्हणूनच झाला. १८०२ सालीं कंपनी सरकार आणि निजाम यांच्यांत ठरलें कीं, उभयतांच्या मुलखांत मालाची ये-जा मोकळी असावी, वाटेवरची राहदारी बंद व्हावी, निजामाच्या व्यापाऱ्यांस मच्छलीपट्टणचें बंदर वापरतां यावें, आणि कंपनीच्या मुलखांतून येणाऱ्या मालावर शेंकडा पांच, त्याहून अधिक नव्हे, एवढीच जकात घेतली जावी. कागदावर यांत वावगें कांहीं दिसत नाहीं. दोन्ही पक्षांस नियम सारखाच. परंतु करार बरोबरीचा असला म्हणजे करार करणारे बरोबरीचे होतात असें नाहीं. याच्या चारच वर्षें आधीं, १७९८ सालीं, निजामानें कंपनीची तैनाती फौज पत्करली होती. एकाच्या हातीं समुद्र, जहाजें आणि पुढें मँचेस्टरच्या गिरण्या; दुसऱ्याच्या हातीं चोहोंकडून जमिनीनें वेढलेला मुलूख. मच्छलीपट्टणचा हक्क व्यवहारांत निरुपयोगी ठरला, शेंकडा पांचाची मर्यादा मात्र पक्की राहिली. गिरणीच्या कापडापासून आपल्या कोष्ट्यासाळ्यांस वांचवावें असें हैदराबादच्या एखाद्या दिवाणाच्या मनांत आलें असतें, तरी त्याचे हात शंभर वर्षांपूर्वींच बांधलेले होते. उलट मुंबईस उतरलेला परदेशी माल इंग्रज सरकारचा कर भरून यावयाचा आणि संस्थानच्या हद्दीवर त्यावर पुन्हा पांच टक्के चढावयाचे. म्हणजे संरक्षण कोणासच नाहीं आणि महागाई मात्र सर्वांस.

करोडगिरी हें या जकातीच्या खात्याचें संस्थानी नांव. हीं नाकीं आयात मालावर बसत तशीं निर्यात मालावरहि बसत, हें येथें विशेष ध्यानांत घ्यावयाचें. मीठ, कापड, लोखंड, औषधें यांवरची जकात गिऱ्हाइकाच्या माथीं बसे, हें उघड आहे. परंतु बाहेर जाणाऱ्या कापसावरची जकात कोण भरीत होतें? हुंडी नाक्यावर व्यापारी भरी, म्हणून ती व्यापाऱ्यावर पडली असें दिसे. कापसाचा भाव तर मुंबईस ठरे, आणि मुंबईचा भाव लिव्हरपूलवर. परभणीचा कापूस पांच टक्के महाग झाला म्हणून मुंबईचा दलाल पांच टक्के जास्त देणार नव्हता. तेव्हां व्यापारी तेवढी रक्कम खरेदींतच कापून घेई आणि अखेर ती मानवत-सेलूच्या शेतकऱ्याच्या पदरांतून जाई. राज्याच्या नांवानें बसविलेला कर राज्यांतल्या सर्वांत गरिबानें भरावा आणि त्याला त्याची पावतीहि दिसूं नये, ही या पद्धतीची खरी मेख आम्ही समजतों. पावती दिसली तरी ती वाचणार कोण? संस्थानची दरबारी भाषा आधीं फारसी व गेल्या शतकाच्या आधीच्या शतकांत, १८८४ च्या सुमारास, उर्दू झाली. मराठी कुणब्यास दोन्ही सारख्याच परक्या.

त्यांत भर नाण्याची. संस्थानांत हाली सिक्का चाले, बाहेर कलदार. शंभर कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सरासरी सहास सात, असा दर असे. सरकारचा सारा हालींत आणि मुंबईचा भाव कलदारांत. मधला हिशेब ज्यास येई तो सराफ बट्ट्यावर जगे. एकच बाजार म्हणजे केवळ जकात नसणें नव्हे, हें आमच्या आजोबांच्या पिढीस या बट्ट्यानेंच शिकविलें असावें.

आतां रेल्वेकडे वळूं, कारण आमच्या मतें खरी गोष्ट तेथें आहे. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादेस जाणारी गोदावरी-खोऱ्याची रेल्वे १९०१ पर्यंत पुरी झाली. तिच्यामागोमाग परभणी, सेलू, मानवत या बाजूस सरकी काढण्याचे आणि गासड्या बांधण्याचे कारखाने उभे राहिले, मुंबईच्या पेढ्यांचे खरेदीदार येऊं लागले आणि जोंधळ्याच्या रानांत कापूस वाढला. जिल्ह्याचा बाजार जगाशीं जोडला गेला तो कोणत्याहि तहानें नव्हे, या रुळांनीं. परंतु हे रूळ अरुंद होते. मनमाडास पुढची मुंबईची वाट रुंदमार्गाची. म्हणून परभणीची प्रत्येक गासडी तेथें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवावी लागे. हमाली, खोळंबा, भिजणें, फुटणें, हरवणें हें सर्व मालाच्या किंमतींत मिळे. करोडगिरीच्या नाक्यावर निदान शिपाई दिसत होता. मनमाडच्या या नाक्यावर शिपाई नव्हता, दरपत्रक नव्हतें आणि तक्रार करावयास जागाहि नव्हती.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. पूर्णेहून हिंगोलीस फांटा १९१२ सालीं गेला आणि तेथें थांबला. पुढें वाशीम, अकोला, वऱ्हाडचा कापसाचा सारा बाजार. अंतर मोठें नाहीं, डोंगर अडवीत नाहीं. परंतु नदीपलीकडे कारभार दुसऱ्याचा. तो फांटा वऱ्हाडांतून खांडव्यापर्यंत जोडला जाण्यास देश स्वतंत्र व्हावा लागला. चाळिसांहून अधिक वर्षें हिंगोलीचें स्टेशन हें शेवटचें स्टेशन राहिलें, यापलीकडे राजकीय सीमेची किंमत कोणत्या आंकड्यानें सांगावी?

१९४७-४८ च्या वर्षांत हा आर्थिक दुरावा टोंकास गेला. नोव्हेंबर १९४७ मध्यें भारताशीं जैसे थे करार झाल्यावर थोड्याच दिवसांत निजाम सरकारनें दोन वटहुकूम काढले: एकानें सोनेंचांदी भारतांत नेण्यावर निर्बंध घातला, दुसऱ्यानें भारतीय चलन संस्थानांत कायदेशीर नाहीं असें ठरविलें. सहास सातचा बट्टा पत्करून ज्यांनीं दोन नाण्यांचा मेळ घातला होता त्यांच्या पायांखालचा पाटच काढून घेतला गेला. संस्थानाची तक्रार अशी कीं, भारत नाकेबंदी करून मीठ व औषधें अडवीत आहे. त्याच सुमारास स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यांत सीमेवरच्या कार्यकर्त्यांनीं करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले चढविले. तें स्वाभाविक होतें. दिल्ली अगर हैदराबाद ज्यानें कधीं पाहिलें नाहीं त्या खेडुतास राज्य दिसे तें पाटलाच्या चावडींत आणि या नाक्यावर. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान शरण आलें.

आणि नाकीं? येथें पुष्कळांचा समज चुकीचा असतो. तीं लगोलग गेलीं नाहींत. जानेवारी १९५० च्या राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमानें भारतभर व्यापार मोकळा ठरविला. पण ३०६ व्या कलमानें हैदराबादसारख्या राज्यांस करार करून अंतर्गत जकाती कांहीं काळ, फार तर दहा वर्षें, चालूं ठेवण्याची मुभा दिली. कारण साधें होतें: संस्थानच्या तिजोरींत या जकातीचा वांटा मोठा होता आणि ती एकदम उठली तर शाळा-दवाखान्यांचा पैसा कोठून आणावा, हा प्रश्न होता. विक्रीकराचा कायदा हैदराबादेंत १९५० मध्यें झाला, तो या पोकळीची तजवीज म्हणून पाहिला पाहिजे. पुढें जकाती टप्प्यानें गेल्या, १९५६ सालीं राज्यच विसर्जित झालें व ३०६ वें कलमहि गळालें. हाली सिक्का १९५९ मध्यें अखेरचा निरोप घेऊन गेला. स्वतंत्र देशांतसुद्धां एक बाजार होण्यास दशक लागलें, तर दहा सार्वभौम राष्ट्रांस किती लागेल, याचा अंदाज वाचकांनींच करावा. जर्मनीच्या लहान संस्थानांनीं १८३४ सालीं प्रशियाच्या पुढाकारानें जकातसंघ केला, तेव्हां जमलेलें उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटावयाचें ठरलें; त्या वांटणीनेंच लहानांचीं मनें वळलीं. पूर्व आफ्रिकेंतील केनिया, युगांडा व टांझानिया यांनीं १९६७ सालीं असाच संघ केला. कारखाने केनियांत सांठले, इतर दोघांचें समाधान झालें नाहीं, आणि १९७७ मध्यें संघ मोडला.

मराठवाड्याचीहि शंका तीच होती. १९५३ च्या नागपूर करारांत मागासलेल्या भागांस खर्चाची हमी मागितली गेली ती याच धास्तीनें. मुंबई-पुण्याशीं एकाच घरांत नांदतांना धाकट्या भावाच्या वांट्यास काय येणार? नाकीं गेलीं, पण मनमाडची हमाली चालूंच राहिली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनीं रुंदमार्गाची मागणी वर्षानुवर्षें लावून धरली, तेव्हां कुठें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत परभणीस रुंद रूळ आले. पूर्णा-अकोला मार्गास तर त्यानंतरहि बराच काळ थांबावें लागलें. १९८४ च्या दांडेकर समितीनें अनुशेषाचे आंकडे मांडले ते पुष्कळांस कोरडे वाटतात. आम्हांस त्यांत हमालीचाच हिशेब दिसतो.

मध्यंतरीं नाकें परत आलें, हें मात्र सांगितलें पाहिजे, आणि तें आमच्याच सरकारनें आणलें. १९७२ पासून महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्यास ठरलेला भाव मिळावा, दलालानें त्यास नाडूं नये, हा हेतु चांगला होता आणि मंदीच्या वर्षीं त्याचा आधार खराच वाटला. परंतु एकाधिकार म्हटला म्हणजे कापूस राज्याबाहेर नेणें गुन्हा होणार. आदिलाबादेकडे भाव चढला कीं रात्रीं गाड्या तिकडे वळत आणि सीमेवर पुन्हा तपासणी बसे. ज्या नाक्यावर वडिलांनीं लढ्यांत हल्ला केला त्याच वाटेनें मुलगा आपलाच कापूस चोरून नेऊं लागला. ही सक्ती २००२ मध्यें संपली, आणि राज्याराज्यांच्या हद्दींवरचीं करतपासणीचीं नाकीं १ जुलै २०१७ पासूनच्या वस्तु व सेवा करानें उठलीं.

आज भारतीय कापूस व सूत ज्या परदेशी बाजारांत मोठ्या प्रमाणावर जातें त्यांत बांगलादेश अग्रभागीं आहे. दोन्ही देश दक्षिण आशियाच्या मुक्त व्यापाराच्या करारांत आहेत. बंगालच्या सीमेवर पेट्रापोल येथें, पलीकडे बेनापोल. मालमोटारींच्या रांगा तेथें दिवसेंदिवस उभ्या असल्याच्या तक्रारी गेलीं अनेक वर्षें होत आल्या आहेत. बेनापोलास भारतीय मोटारींतील माल हमालांकडून उतरवून बांगलादेशी मोटारींत चढवावा लागतो.