गोळीसाठी गर्भनिरोधकाची अट : एका सावधगिरीचा इतिहास

१/ एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीने गर्भनिरोधक वापरावे की नाही, हा निर्णय तिचा. २०१८ साली मात्र आफ्रिकेतील अनेक देशांत तो निर्णय चांगले औषध मिळण्याची अट होऊन बसला. ती अट कशी आली आणि कशी गेली, त्याचा हा धागा.

२/ औषधाचे नाव डोल्युटेग्राविर. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. विषाणू लवकर दबतो, दुष्परिणाम कमी, आणि औषधाला न जुमानणारा विषाणू सहसा निर्माण होत नाही. २०१६ मध्ये बोट्स्वानाने ते पहिल्या पसंतीचे औषध म्हणून स्वीकारले.

३/ सप्टेंबर २०१७ मध्ये एक मोठा करार जाहीर झाला. डोल्युटेग्राविर असलेली एकत्रित गोळी गरीब देशांना प्रतिरुग्ण वर्षाला सुमारे ७५ डॉलरमध्ये मिळणार होती. ती बनवणाऱ्या कंपन्यांपैकी ऑरोबिंदो ही हैदराबादची. जुने एफाव्हिरेंझ आणि त्यासोबतची चक्कर व भीतिदायक स्वप्ने आता मागे पडणार, असे दिसत होते.

४/ बोट्स्वानात २०१४ पासून ‘त्सेपामो’ हा अभ्यास चालू होता. रुग्णालयांतील प्रसूतींची नोंद ठेवून बाळांतील जन्मजात व्यंगे त्यात तपासली जात. मे २०१८ मध्ये आकडा समोर आला : गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राविर घेणाऱ्या ४२६ स्त्रियांपैकी ४ जणींच्या बाळांत मेंदू किंवा मज्जारज्जूचे व्यंग. म्हणजे हजारी सुमारे ९. इतर एचआयव्ही औषधांवर हेच प्रमाण हजारी सुमारे १ होते.

५/ मग गर्भनिरोधकाचा प्रश्न कोठून आला? मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. तोवर अनेकींना गरोदरपणाची जाणीवही नसते. दिवस गेल्याचे कळल्यावर औषध बदलणे निरुपयोगी. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला : हे औषध घेणाऱ्या जननक्षम वयाच्या स्त्रियांनी खात्रीचे गर्भनिरोधक वापरावे.

६/ सल्ल्याचा व्यवहारात दंडक झाला. कोठे गर्भनिरोधक वापरल्याची खात्री मागितली गेली, कोठे जननक्षम वयाच्या स्त्रियांना सरसकट एफाव्हिरेंझवरच ठेवले गेले. पुरुषांना नवी गोळी, स्त्रियांना जुनी, अशी विभागणी झाली.

७/ यातला विरोधाभास बोचरा होता. एफाव्हिरेंझमुळे यकृत गर्भनिरोधक संप्रेरक लवकर नष्ट करते. युगांडातील २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एफाव्हिरेंझ घेत असताना दंडात संप्रेरकाची कांडी बसवलेल्या २० स्त्रियांपैकी ३ जणी वर्षभराच्या आत गरोदर राहिल्या. डोल्युटेग्राविर अशा कांडीच्या आड येत नाही. जे औषध संततिनियमनाला पूरक, त्यालाच अट. जे मारक, ते बिनशर्त.

८/ शिवाय हा इतिहास नवा नव्हता. माकडांवरील प्रयोगांत व्यंगे आढळल्याने एफाव्हिरेंझही जननक्षम स्त्रियांना वर्षानुवर्षे नाकारले गेले होते. मोठ्या नोंदींत ती भीती टिकली नाही आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते गरोदर स्त्रियांसह सर्व प्रौढांसाठी सुचवले.

९/ जुलै २०१८ मध्ये रवांडातील किगाली येथे १८ देशांतील ३९ स्त्रिया एकत्र आल्या. सर्व एचआयव्हीसह जगणाऱ्या. त्यांनी धोका नाकारला नाही. त्यांची भूमिका अशी : माहिती द्या, गर्भनिरोधके उपलब्ध करा, आणि निवड आमच्यावर सोडा, सरसकट नकार समर्थनीय नाही.

१०/ दरम्यान त्सेपामोची मोजणी थांबली नाही. जुलै २०१९ मध्ये १,६८३ प्रसूतींत ५ व्यंगे, म्हणजे हजारी ३. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने डोल्युटेग्राविर जननक्षम स्त्रियांसह सर्वांसाठी पहिल्या पसंतीचे ठरवले. २०२२ पर्यंत ९,४६० प्रसूतींत १० व्यंगे, हजारी सुमारे १. इतर औषधांइतकेच.

११/ मे २०१८ चा इशारा खोटेपणाने दिलेला नव्हता. तो ४ बाळांवर उभा होता आणि तेव्हा तेवढेच हाती होते. चूक झाली ती पुढच्या पायरीवर : अनिश्चितता स्त्रीसमोर मांडण्याऐवजी तिच्या वतीने निर्णय घेण्यात. किगालीतल्या स्त्रियांनी हे म्हटले, तेव्हा पुढचे आकडे अजून यायचे होते.