सुटलेल्या गोळीचा इतिहास : नैराश्यावरची औषधे आणि परभणी जिल्हा

नैराश्यावरच्या औषधांचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने सांगितला जातो: कोणते रसायन कोणत्या वर्षी हाती आले, ते प्रथम कोणी वापरले आणि त्याचा किती रुग्णांना गुण आला. हेच औषध घेणाऱ्याच्या शरीरात आणखी काय घडवते आणि ते बंद झाल्यावर काय होते, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. परभणीसारख्या जिल्ह्यापुरता तो शोधायचा तर रुग्णालयांची अंतरे, रेल्वेचे मार्ग, औषधांच्या किमती आणि शेतीचे हंगाम यांतूनच तो गोळा करावा लागतो. औषध सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरचा असला, तरी ते केव्हा सुटणार हे या भागात बहुतेक वेळा दवाखान्याबाहेरच्या परिस्थितीने ठरवले, आणि या एका गोष्टीमुळे जगभर जे लक्षण उशिरा ओळखले गेले ते येथे ओळखले जाणे आणखी अवघड झाले.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठचा, कापूस आणि ज्वारीच्या काळ्या जमिनीचा हा प्रदेश सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथे मनोरुग्णालये उभी राहिली आणि पुढे तीच महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये झाली. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांपैकी एकही आले नाही. संस्थानाचे स्वतःचे मनोरुग्णालय एके काळी जालन्यास होते आणि 1900 मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्गावर परभणी आणि जालना ही दोन्ही स्थानके असल्यामुळे ते परभणीकरांना एका गाडीच्या अंतरावर होते. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर काही वर्षांतच हे मनोरुग्णालय हैदराबादजवळच्या एर्रागड्डा येथे हलवण्यात आले, आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा ते परराज्यात राहिले. युरोप-अमेरिकेत नैराश्यावरची पहिली औषधे आकार घेत होती नेमक्या त्याच दशकात या जिल्ह्याची सर्वांत जवळची मनोरुग्णसंस्था त्याच्यापासून दूर गेली, हा योगायोग या इतिहासात दुर्लक्षिण्याजोगा नाही. तोवरची तिची व्यवस्थाही मुख्यतः कोंडून ठेवण्याचीच होती, हे खरे. परंतु नवी औषधे आली तेव्हा ती देणारे आणि घेणाऱ्याकडे पुन्हा पाहणारे ठिकाण उरले नाही.

या औषधांच्या मागची कल्पना काही अंशी एका दुष्परिणामातूनच जन्मली आणि त्या कथेत मुंबईचा वाटा मोठा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदात जुन्या काळापासून परिचित होती. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघा वैद्यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिले, आणि 1949 मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिचा प्रयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागले. रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या संदेशवाहक द्रव्यांचा साठा कमी करते, असेही प्रयोगांत दिसले. या दोन निरीक्षणांच्या आधारावर, ही द्रव्ये घटल्याने नैराश्य येते असा तर्क बांधला गेला. पुढच्या संशोधनाने तो तर्क अपुरा ठरवला असला, तरी औषधांची एक पिढी त्याच्याच सावलीत तयार झाली.

प्रत्यक्ष औषधे मात्र अपघाताने सापडली. क्षयरोगावर वापरून पाहिलेल्या आयप्रोनायझिडमुळे 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्षय रुग्णालयातील रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही दिसू लागले. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांड कून यांनी स्किझोफ्रेनियासाठी आलेले एक रसायन नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि 1957 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले, हेच इमिप्रामिन. 1961 मध्ये आलेले अमिट्रिप्टिलिन त्याच कुळातले असून जागतिक आरोग्य संघटनेच्या 1977 च्या पहिल्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान मिळाले. पुढे भारतीय बाजारात ते स्वस्त झाल्यामुळे लहान गावांतही सहज मिळू लागले.

या कुळातील औषधांचे दुष्परिणाम पहिल्या आठवड्यातच रुग्णाच्या तोंडून बाहेर पडतात. तोंड कोरडे पडते, शौचास साफ होत नाही, लघवी अडते, डोळ्यांपुढे धूसर होते, उठताना भोवळ येते आणि दिवसभर गुंगी राहते. ज्या मज्जासंस्थेच्या संदेशाने लाळ आणि घाम सुटतो, तोच संदेश ही औषधे दाबत असल्यामुळे घाम कमी येतो आणि शरीराला स्वतःची उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. मे महिन्यात जेथे पारा 43-44 अंशांवर जातो आणि खरिपाच्या मशागतीचे दिवसही तेच असतात, त्या जिल्ह्यात हा दुष्परिणाम पाठ्यपुस्तकातल्या यादीतला एक मामुली मुद्दा राहत नाही. ‘गोळ्या गरम पडतात’ ही गावोगाव ऐकू येणारी तक्रार अडाणीपणाची म्हणून उडवून लावली जात असे. घाम आटलेल्या, तोंड सुकलेल्या माणसाने उन्हात केलेले ते अचूक निरीक्षण होते असे मानण्यास पुरेसे शास्त्रीय कारण आहे. त्यातच, मनाला उतार पडण्यास दोन ते चार आठवडे लागतात आणि हे त्रास मात्र पहिल्याच दिवशी सुरू होतात. हा उलटा क्रम रुग्णाला आधी समजावून सांगितला नाही, तर गोळी दुसऱ्या आठवड्यात बंद पडते.

गोळी बंद झाल्यावरच्या त्रासाची नोंद जितकी जुनी, तितकीच दुर्लक्षित आहे. इमिप्रामिन बाजारात आल्यावर दोनच वर्षांनी, 1959 मध्ये, ते थांबवल्यावर रुग्णांना त्रास होतो असे वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले होते. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयातील डॉक्टरांनी मळमळ, डोकेदुखी, चक्कर, घाम आणि थंडी वाजणे या लक्षणांचे सविस्तर वर्णन केले. ही लक्षणे अशी उद्भवतात: औषध दीर्घकाळ घेतले की मेंदूतील पेशी त्याच्या उपस्थितीशी जुळवून घेतात, ते एकाएकी नाहीसे झाले की जुळवणी तशीच राहते आणि आधार मात्र निघून जातो. अलीकडच्या औषधांबाबत त्यात डोक्यातून करंट गेल्यासारखे क्षणिक झटके, हातापायांना मुंग्या, विलक्षण जिवंत स्वप्ने, चिडचिड आणि विनाकारण रडू येणे यांची भर पडते. यांतली शेवटची लक्षणे मूळ आजारासारखीच दिसत असल्यामुळे डॉक्टर आणि घरचे दोघेही आजार उलटला असे मानतात. दुष्परिणाम डॉक्टरसमोर बसलेला रुग्ण सांगतो, तर औषध सुटल्यावरचा त्रास ज्याने दवाखान्यात येणे सोडले आहे त्याला होतो; या साध्या फरकामुळे दुसरा प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षे मागे पडला.

विचारण्या-न विचारण्याने नोंद किती बदलते याचा पुरावा स्पेनमधील एका अभ्यासाने 1997 मध्ये दिला. नव्या पिढीची औषधे घेणाऱ्या 344 रुग्णांपैकी सुमारे 14 टक्क्यांनी लैंगिक तक्रार आपणहून सांगितली. थेट विचारल्यावर तोच आकडा 58 टक्क्यांवर गेला. ओपीडीच्या गर्दीत, बहुधा सासू किंवा भाऊ शेजारी उभा असताना तपासल्या जाणाऱ्या मराठवाड्यातील रुग्णाबाबत हा फरक आणखी मोठा असणार, असे अनुमान करण्यास हरकत नसावी.

नवी पिढी म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन परत शोषले जाऊ न देणारी औषधे. त्यांतील फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत डिसेंबर 1987 मध्ये परवानगी मिळाली आणि पाठोपाठ पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन व एस्सिटॅलोप्रॅम आली. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी ते तयार करण्याच्या पद्धतीलाच पेटंट दिले होते, म्हणून 2005 पर्यंत देशी कंपन्या वेगळ्या पद्धतीने तीच औषधे बनवून स्वस्तात विकू शकल्या. जुन्या औषधांच्या मानाने ही हृदयाला कमी घातक असल्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांखेरीज साधे डॉक्टरही ती लिहून देऊ लागले. त्याच लाटेत एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेली मिश्रणेही आली. क्लोनाझेपाम वेगळ्या कुळातले असून त्याची सवय लागते आणि दीर्घकाळ घेतल्यावर ते एकदम तोडल्यास झटके येण्याचीही भीती असते. अशा मिश्रणाची गोळी संपली की रुग्णाची दोन औषधे एकाच दिवशी सुटतात, आणि त्याच्या दृष्टीने मात्र ती एकच ‘झोपेची गोळी’ असते.

ही नवी औषधेही सुटताना सारखी वागत नाहीत. फ्लुऑक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारे द्रव्य कित्येक दिवस टिकते, म्हणून ते थांबवल्यावरचा त्रास सौम्य असतो किंवा उशिरा येतो. पॅरॉक्सेटिनचा अंमल दिवसाभरात अर्धा होतो आणि त्याचे दोन डोस चुकले तरी रुग्णाला ते कळते. 1990 नंतर अशा तक्रारी वाढल्यावर एका औषध कंपनीच्या खर्चाने 1996 मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिच्यातून हा त्रास सौम्य व अल्पकाळ टिकणारा असल्याचे मत रूढ झाले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने 2009 मध्येही तो साधारण आठवडाभराचा मानला होता. काहींना तो तीव्र होतो आणि महिनोन्‌महिने टिकू शकतो, हे तिने 2019 मध्ये मान्य केले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांना, तर निष्क्रिय गोळी थांबवणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्क्यांना लक्षणे आढळली, म्हणजे खुद्द औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला. हा आकडा भीती पसरवण्याइतका मोठा नाही आणि झटकून टाकण्याइतका लहानही नाही.

परभणीत या काळात उपचारांची साखळी हळूहळू बांधली जात होती. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये, अंबाजोगाईचे 1970 च्या दशकात आणि नांदेडचे 1988 मध्ये सुरू झाले, तेव्हा कुठे एका दिवसात जाऊन परत येण्याजोगी ठिकाणे निर्माण झाली. 1982 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून 1996 मध्ये जिल्हा कार्यक्रमाची योजना निघाली आणि ती टप्प्याटप्प्याने जिल्हा रुग्णालयांपर्यंत आली. शेतकरी आत्महत्यांच्या छायेत 2015 मध्ये राज्य सरकारने मराठवाड्याचे 8 आणि विदर्भाचे 6 अशा 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा कार्यकर्ती दारोदार जाऊन झोप, भूक, उदासी आणि जीव नकोसा वाटणे यांविषयी विचारते आणि गरजूला रुग्णालयाकडे पाठवते. कर्ज, नापिकी आणि घरातले दुःख हे प्रश्न ओसरीवर बसून विचारणारी यंत्रणा या जिल्ह्याने तोपर्यंत पाहिली नव्हती. तिचे हे श्रेय निर्विवाद आहे.

मात्र उपचारांची सुरुवात घरापर्यंत आली, तरी पुढचा महिन्या-महिन्याचा पुरवठा तसा आला नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ आणि जिंतूर या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तीस दिवसांच्या गोळ्या घेऊन कोयत्यावर गेलेल्या रुग्णाचे औषध फडातच संपते, आणि ते पुन्हा मिळवायचे तर दिवसाची मजुरी बुडवून अनोळखी गावातला दवाखाना शोधावा लागतो. सुगीच्या दिवसांत गावात राहिलेल्यांचीही तारीख अशीच चुकते. बरे वाटू लागले म्हणून गोळी सोडणारे, ‘सवय लागेल’ या धास्तीने सोडणारे आणि केवळ संपली म्हणून सोडणारे असे तीन वेगळे लोक केसपेपरवर एकाच शेऱ्यात जमा होतात. आठवड्याभराने चक्कर, रडू आणि निद्रानाश घेऊन आलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून औषध सुरू होते आणि ‘बाहेरचं’ मानणाऱ्या घरात तर देवऋषीचाही पहिल्यापासून खर्च होतो.

सुटका पद्धतशीर व्हायची तर तिचे गणित गोळीत दडलेले आहे. मेंदूतील ज्या जागांवर ही औषधे बसतात, त्या मात्रेच्या सरळ प्रमाणात भरत नाहीत. याच पिढीतल्या सिटॅलोप्रॅमच्या 20 मिलिग्रॅम मात्रेने अशा सुमारे 80 टक्के जागा व्यापल्या जातात, परंतु मात्रा जेमतेम दीड मिलिग्रॅमवर आणली तरी सुमारे 30 टक्के व्यापलेल्या राहतात. यावरून मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी 2019 मध्ये असे मांडले की, मात्रा खाली येईल तशा पायऱ्या लहान करत जावे आणि गरज भासल्यास त्यासाठी महिने द्यावेत. रेघेवरून मोडता येणारी दहा मिलिग्रॅमची गोळी अर्धी होते, पाव करताना चुरा होतो, आणि त्याखालची मात्रा मोजण्यासाठी लागणारे द्रवरूप औषध तालुक्याच्या मेडिकल दुकानात सहसा नसते. शेवटच्या पायऱ्याच सर्वांत नाजूक आणि त्याच पायऱ्यांसाठी हाताशी साधन नाही, अशी ही अडचण आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या असलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध हळूहळू थांबवणाऱ्यांपैकी 56 टक्क्यांना, तर चालू ठेवणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना वर्षभरात नैराश्य पुन्हा आले. म्हणजे सुटण्याचा त्रास ओळखला जातो म्हणून आजार परतण्याचा धोका संपत नाही. दोन्ही शक्यता एकाच रुग्णात असू शकतात आणि त्या वेगळ्या करण्यासाठी त्याला काही आठवड्यांत पुन्हा पुन्हा पाहावे लागते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी रुग्णालयांत आवश्यक मानसिक औषधे मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे, 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही फोनवरून मानसिक सल्ला देणारी सेवा चालू आहे आणि 2023 मध्ये परभणीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच सुमारास जालन्यात प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास सरकारने मंजुरी दिली; तेथील जुने मनोरुग्णालय हलवल्याला तेव्हा सुमारे सत्तर वर्षे झाली होती. या मधल्या काळात ज्यांच्या गोळ्या सुटल्या, त्यांपैकी किती जणांचा आजार खरोखर परतला आणि किती जण केवळ औषध सुटल्याच्या त्रासाने पुन्हा रुग्ण ठरले, हे आता कोणत्याही कागदावरून सांगता येणार नाही.