भागिले पाच: फ्रीडवाल्ड यांच्या चार पानांची गोष्ट

घरातल्या कुणाचा तरी लिपिड प्रोफाइलचा जुना रिपोर्ट शोधून काढा. ट्रायग्लिसराइडचा आकडा घ्या, त्याला पाचाने भागा, आणि मग व्हीएलडीएलच्या ओळीत काय छापलंय ते बघा. बहुतेक वेळा दोन्ही आकडे तंतोतंत जुळतील. म्हणजे लॅबने व्हीएलडीएल मोजलेलंच नाही, भागाकार करून लिहिलंय. आता एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, त्यातून हा भागाकारही वजा करा. उरलं ते एलडीएल. तेच, ज्याच्याकडे बघून डॉक्टर स्टॅटिनची गोळी चालू करायची की नाही ते ठरवतात. (काही लॅब एलडीएल थेट मोजतात. तिथे ओळीत 'डायरेक्ट' असं लिहिलेलं असतं, आणि मग वरचं गणित जुळणार नाही.)

हे 'भागिले पाच' १९७२ साली छापून आलं. नियतकालिकाचं नाव 'क्लिनिकल केमिस्ट्री'. लेखक तीन: विल्यम फ्रीडवाल्ड, रॉबर्ट लेव्ही, डोनाल्ड फ्रेडरिकसन. पानं फक्त चार, ४९९ ते ५०२. या चार पानांना आजवर वीस हजारांहून जास्त सायटेशन्स मिळाली आहेत.

पीएचडीला नाव नोंदवायच्या आधीच आपल्या कानावर एच-इंडेक्स, इम्पॅक्ट फॅक्टर असे शब्द आदळायला लागतात. अमक्याची सायटेशन्स इतकी, तमक्याची तितकी, म्हणजे गाइड म्हणून कोण भारी ते ठरलं! तर वीस हजार हा आकडा कशाचा बनलेला असतो, ते या एका पेपरच्या निमित्ताने बघू. मी बायोकेमिस्ट्रीची असल्यामुळे उदाहरण माझ्या जवळचं आहे, एवढंच.

आधी अडचण काय होती ते समजून घ्या. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही. ते लायपोप्रोटीन नावाच्या कणांमध्ये बसून प्रवास करतं. हे कण वेगवेगळ्या घनतेचे असतात, आणि ते वेगळे करण्याचा रस्ता म्हणजे अल्ट्रासेंट्रिफ्यूज. बर्कलीला जॉन गॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९५०च्या आसपास हे यंत्र वापरून दाखवून दिलं की सगळं कोलेस्टेरॉल एकसारखं नसतं, ते कोणत्या कणात आहे यावर हृदयविकाराचा संबंध अवलंबून आहे. शोध मोठाच, पण यंत्र महाग, नमुने मोजके आणि एकेका फेरीला कित्येक तास. आपल्याकडच्या तालुक्याच्या लॅबचं सोडा, अमेरिकेतल्या बहुतेक हॉस्पिटलांतही ते नव्हतं.

१९६७मध्ये फ्रेडरिकसन, लेव्ही आणि रॉबर्ट लीस यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच भागांची लेखमाला लिहिली आणि रक्तातल्या चरबीच्या विकारांचे प्रकार पाडले. टाइप टू, टाइप थ्री, टाइप फोर ही भाषा तिथून रूढ झाली. पण प्रकार ओळखायचा तर एलडीएल किती ते कळायला हवं, आणि एलडीएल कळायला ते यंत्र हवं. शिवाय हृदयविकार कसा टाळता येईल याच्या मोठ्या चाचण्यांचे बेत त्याच काळात अमेरिकेत आखले जात होते. हजारो माणसांचं रक्त तपासायचं होतं. एवढे नमुने यंत्रात फिरवणार कोण आणि कधी?

उत्तर त्या १९६७च्या कामातच पडून होतं. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड मुख्यतः व्हीएलडीएलच्या कणांत असतं, आणि त्या कणांत ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल यांचं वजनी प्रमाण साधारण पाचास एक येतं, असं या गटाच्या लक्षात आलं होतं. मग यंत्र कशाला? ट्रायग्लिसराइड मोजणं सोपं आहे, त्याला पाचाने भागलं की व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल मिळालं. एचडीएल रसायन घालून वेगळं करता येतं. बाकी वजाबाकी. १९७२च्या पेपरमध्ये एवढंच आहे: ४४८ माणसांच्या रक्तात हे गणित करून बघितलं, यंत्राने मिळालेल्या आकड्यांशी ताडलं, आणि गटानुसार ०.९४ ते ०.९९ इतका सहसंबंध मिळाला.

गंमत बघा, तिघांत सगळ्यात वजनदार नाव फ्रेडरिकसन यांचं. पुढे १९७५मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे, म्हणजे एनआयएचचे संचालक झाले. लेव्हीही त्याच सुमारास हृदयविकार संस्थेच्या प्रमुखपदी गेले. पण लेखकांच्या यादीत पहिलं नाव फ्रीडवाल्ड यांचं, म्हणून सूत्र त्यांच्या नावाचं झालं. लेखकांचा क्रम ठरवताना लॅबमध्ये जे रुसवेफुगवे चालतात, त्यामागे काहीतरी कारण असतं बरं का.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. पेपरमध्ये अटी स्पष्ट लिहिल्या आहेत. रक्त उपाशीपोटीचं हवं. कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणानंतर दिसणारे चरबीचे मोठे कण, असता कामा नयेत. टाइप थ्रीच्या रुग्णाला हे सूत्र लावू नये. ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर लावू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'भागिले पाच' हा व्हीएलडीएलचा फारसा अचूक अंदाज नाही, हे लेखकांना पक्कं माहीत होतं. त्यांचा युक्तिवाद असा होता की एलडीएलच्या मानाने व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल थोडंच असतं, त्यामुळे तिथली चूक एलडीएलच्या आकड्यात फारशी दिसणार नाही. १९७२ साली ते बरोबरच होतं. समोरच्या रुग्णाचं एलडीएल १६०, १९०, २२० असायचं. त्यात पाच-दहाने काय बिघडणार?

म्हणजे ज्या आकड्याबद्दल लेखकच साशंक होते, तो व्हीएलडीएलचा आकडा आज रिपोर्टवर स्वतंत्र ओळ घेऊन, शेजारी नॉर्मल रेंजसकट छापला जातो. आणि ज्या परिस्थितीवर त्यांचा युक्तिवाद उभा होता, ती स्टॅटिन आल्यावर बदलली. एलडीएल ७०च्या खाली आणायचं, असं उद्दिष्ट अनेक रुग्णांसाठी ठरलं. एलडीएल खाली आलं की तीच जुनी पाच-दहाची चूक अचानक मोठी दिसायला लागते. आपल्याकडे तर ट्रायग्लिसराइड चढं आणि एचडीएल कमी हा नमुना वारंवार आढळतो, म्हणजे चुकीला जागा जास्त.

सूत्राला आव्हान लवकरच मिळालं होतं. १९८६मध्ये डीलाँग आणि सहकाऱ्यांनी 'जामा'मध्ये दहा हजारांहून जास्त माणसांचे आकडे तपासले आणि म्हटलं की ०.२०ने, म्हणजे एक पंचमांशाने नको, ०.१६ने गुणा, जास्त जुळतं. समजा एकूण कोलेस्टेरॉल १५२, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २५०. फ्रीडवाल्डच्या रीतीने १५२ उणे ४० उणे ५०, एलडीएल ६२. डीलाँगच्या रीतीने १५२ उणे ४० उणे ४०, एलडीएल ७२. रक्त तेच, माणूस तोच. एका कागदावर उद्दिष्ट गाठलं, दुसऱ्यावर नाही.

नमुना वीसपटीहून मोठा, नियतकालिक जास्त वाचलं जाणारं. तरी जगाने ०.१६ उचललं नाही. का? माझं मत सांगते: पाचाने भागणं तोंडी जमतं, आणि तोवर प्रत्येक चाचणी, प्रत्येक मार्गदर्शक तत्त्व फ्रीडवाल्डच्या आकड्यांवर उभं होतं. सूत्र बदललं तर जुन्या अभ्यासांशी तुलना करायची कशी? अशा वेळी नवा संशोधक जुनंच सूत्र वापरतो आणि पद्धतीच्या परिच्छेदात एक ओळ लिहितो, 'एलडीएल फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढलं'. झालं एक सायटेशन. असे हजारो.

पद्धतीच्या पेपरांचं असंच असतं. जगातला सगळ्यात जास्त उद्धृत पेपर म्हणजे लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा, प्रथिनं मोजण्याच्या रीतीवरचा, तीन लाखांहून जास्त सायटेशन्स. 'नेचर'ने २०१४मध्ये सर्वाधिक उद्धृत शंभर पेपरांची यादी दिली, तिच्यात वॉटसन-क्रिक यांचा डीएनएचा पेपर नव्हता. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना आता कुणी उद्धृत करत नाही, ती सगळ्यांना माहीतच आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याचं वर्णन केलं आहे: कल्पना इतकी मुरते की मूळ लेखकाचं नावच गळून पडतं.

मोजपट्ट्यांचं आणखी एक. एच-इंडेक्स २००५मध्ये जॉर्ज हर्श यांनी सुचवला. त्यात वीस हजार सायटेशन्सचा पेपर धरला जातो एकच. इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतल्या लेखांवर काढतात, म्हणजे या पेपरची १९७३ आणि १९७४मधली सायटेशन्स सोडली तर उरलेल्या सगळ्यांचा 'क्लिनिकल केमिस्ट्री'ला त्या हिशोबात काहीच उपयोग नाही. युजीन गारफील्ड यांनी १९५५मध्ये सायटेशनची सूची सुचवली होती ती मुख्यतः एखादा विचार पुढे कुठे गेला, त्यावर कुणी टीका केली, हे शोधता यावं म्हणून. माणसं तोलायला ती नंतर वापरात आली.

२०१३मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या सेथ मार्टिन आणि सहकाऱ्यांनी साडेतेरा लाख अमेरिकी लोकांचे नमुने घेतले आणि ठरावीक पाचाऐवजी १८० खान्यांचा तक्ता दिला. तुमचं ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल वगळून उरलेलं कोलेस्टेरॉल बघायचं, त्यानुसार भाजक निवडायचा. तोंडी हिशोब संपला, पण आता तो संगणकच करतो. २०१८च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी एलडीएल ७०च्या खाली असेल तर थेट मोजणं किंवा असा सुधारित अंदाज वापरणं योग्य ठरवलं. पुढे २०२०मध्ये एनआयएचमधूनच सॅम्पसन आणि सहकाऱ्यांचं समीकरण आलं, ते ट्रायग्लिसराइड ८०० असेपर्यंत चालतं. फ्रीडवाल्डला दुरुस्त करणारे हे पेपर फ्रीडवाल्डला उद्धृत करतात. त्यामुळे सूत्र मागे पडतंय तरी आकडा वाढतोच आहे.

साहित्याचा आढावा लिहायला बसाल तेव्हा हे करून बघा. गूगल स्कॉलरवर हा पेपर काढा, 'सायटेड बाय'वर जा आणि भारतात झालेले कुठलेही वीस अभ्यास निवडा. प्रत्येकाच्या पद्धतीच्या परिच्छेदात तीन गोष्टी शोधा: रक्त उपाशीपोटी घेतलं होतं का, ४००च्या वरचे नमुने वगळले का, वगळले असतील तर किती. एका वहीत रकाने पाडा आणि भरत जा. चार पानं मात्र त्याआधी वाचून घ्या, अर्धा तास पुरतो.