झाकलेले मरण : इझाबेला बीटन आणि व्हिक्टोरियन शोकसंकेत

व्हिक्टोरियन इंग्लंडने मृत्यूचा सोहळा केला आणि विसाव्या शतकाने मृत्यू दृष्टीआड केला, ही मांडणी आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. जेफ्री गोरर यांच्या १९५५ मधील निबंधाने आणि १९६५ मधील ग्रंथाने ती रुजविली. फिलिप आरिएस यांनी १९७७ मध्ये तिला पाश्चात्त्य संस्कृतीच्या दीर्घ इतिहासाची बैठक दिली. पुढे १९९६ मध्ये पॅट जॅलंड यांनी कौटुंबिक पत्रे आणि रोजनिश्या यांच्या आधारे तिच्यातील ढोबळपणा दाखवून दिला. तरीही या साऱ्या चर्चेत एक प्रश्न बाजूला राहतो. त्या काळात शोक हा केवळ घराचा आणि चर्चचा विषय नव्हता. तो छापील मजकुराचाही विषय होता. छापील मजकूर हा बाजारात विकला जाणारा माल असेल, तर त्यात कोणाच्या मरणाला जागा मिळते आणि कोणाचे मरण गाळले जाते, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकानेच करावयास हवा. इझाबेला बीटन या अठ्ठावीस वर्षांच्या आईचे १८६५ मधील मरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

तत्पूर्वी डिकन्सकडे पाहणे आवश्यक आहे. कारण तरुण आईच्या मृत्यूची व्हिक्टोरियन वाचकाच्या मनातील प्रतिमा मुख्यतः कादंबरीने घडविली. ‘डॉम्बी अँड सन’चा (१८४६-४८) आरंभच प्रसूतीनंतर मरणाऱ्या आईपासून होतो. एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये (१८४७) मुलीला जन्म देऊन आई काही तासांतच मरते आणि कथानकाचा उत्तरार्ध त्या मरणाच्या छायेत चालतो. परंतु अंत्यविधीचे सर्वांत सूक्ष्म चित्रण ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये (१८४९-५०) आढळते. शाळेतून घरी निघालेल्या डेव्हिडला प्रथम नेले जाते ते कापडचोपड, शिवणकाम आणि अंत्यविधीची सामग्री पुरविणाऱ्या ओमर यांच्या दुकानात. तेथे त्याच्या काळ्या कपड्यांचे माप घेतले जाते, मुली काळे कापड शिवत बसलेल्या असतात आणि अंगणापलीकडून हातोड्याचा एकसारखा ठोका ऐकू येत असतो. तो ठोका आईच्या शवपेटीचा आहे, हे मुलाला हळूहळू उमगते. दुकानातील माणसे दुष्ट नाहीत. ती आनंदी, प्रेमळ आणि कामात मग्न आहेत, आणि त्यामुळेच प्रसंग अधिक असह्य होतो. दफनाच्या दिवशी घरातून शवपेटीमागे निघतात ते सावत्र बाप, एक शेजारी, डॉक्टर आणि डेव्हिड, म्हणजे सारे पुरुष. पेगॉटी ही आईची खरी सोबतीण असूनही ती दफनभूमीत बघ्यांच्या घोळक्यात दूर उभी असते. मध्यमवर्गीय स्त्रियांनी थडग्यापर्यंत जाऊ नये, या तत्कालीन संकेतावर डिकन्स भाष्य करीत नाही. तो केवळ माणसे कोठे उभी आहेत एवढे सांगतो. हे त्याचे बळ आहे. (स्वतःच्या अंत्यविधीत काळे पट्टे, झगे यांचे अवडंबर नको, असे त्याने मृत्युपत्रात बजावले होते, हेही येथे आठवावे.)

कादंबरीतील ही आई वाचकांना रडवू शकली, कारण तिच्या मरणाने कोणाच्या व्यवसायाचे नुकसान होत नव्हते. उलट मासिक हप्त्यांच्या त्या काळात असे मरण खपाला पोषकच ठरे.

इझाबेला मेसन हिचा जन्म १८३६ चा. वडिलांच्या मृत्यूनंतर आईने एप्समच्या घोडशर्यतींचे व्यवस्थापक हेन्री डॉर्लिंग यांच्याशी विवाह केला आणि दोन्ही बाजूंची व पुढे झालेली मिळून एकवीस मुले त्या कुटुंबात झाली. इझाबेला त्यांतील थोरली. मुलांचा सांभाळ ही तिच्या दृष्टीने पुस्तकी बाब नव्हती. १८५६ मध्ये तिचा विवाह सॅम्युएल बीटन या तरुण प्रकाशकाशी झाला. मध्यमवर्गीय स्त्रियांसाठी त्याने १८५२ पासून चालविलेल्या स्वस्त मासिकात ती लिहू लागली आणि त्याच्याबरोबर रेल्वेने लंडनमधील कचेरीत जाऊ लागली. ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ १८५९ पासून मासिक भागांत आणि १८६१ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. अकराशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथाच्या पहिल्या वर्षी साठ हजार प्रती खपल्या. यातील बहुतेक पाककृती तिच्या स्वतःच्या नव्हत्या. एलायझा अ‍ॅक्टनसारख्या पूर्वसूरींकडून आणि मासिकाच्या वाचकांकडून त्या आल्या होत्या. तिचे कर्तृत्व आहे ते मांडणीत. जिन्नस, वेळ, खर्च, किती माणसांना पुरेल आणि कोणत्या ऋतूत, हे सारे ठरावीक क्रमाने सांगून तिने घर नावाच्या अस्ताव्यस्त गोष्टीला शिस्तीची भाषा दिली.

त्या शिस्तीत मृत्यूलाही स्थान होते. शोकप्रसंगी भेटीस केव्हा जावे, कोणता पोशाख करावा, याचे मार्गदर्शन गृहिणीवरील प्रकरणात आहे. बाळंतिणीची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेने स्वच्छ असावे, असेही ग्रंथात बजावले आहे. वैद्यकीय भाग अनुभवी शल्यचिकित्सकाकडून आणि कायद्याचा भाग वकिलाकडून घेतल्याचे प्रस्तावनेत नमूद आहे. घर सुरक्षित ठेवण्याचे जे जे ज्ञान त्या वर्गाला उपलब्ध होते, ते या ग्रंथात आहे. लेखिकेचे स्वतःचे घर मात्र त्या ज्ञानाने वाचले नाही. पहिला मुलगा १८५७ मध्ये काही महिन्यांचा होऊन गेला. त्याचेच नाव दिलेला दुसरा मुलगा १८६२ च्या शेवटच्या दिवशी, तीन वर्षांचा असताना गेला. बरोबर एका वर्षाने, १८६३ च्या अखेरच्या दिवशी, तिसरा मुलगा जन्मला.

२९ जानेवारी १८६५ रोजी केंट परगण्यातील ग्रीनहाइथ येथे चौथ्या मुलाचा, मेसनचा, जन्म झाला. प्रसूतीच्या आदल्या दिवसापर्यंत ती रोजच्या स्वयंपाकाच्या कोशाची मुद्रिते तपासत होती. जन्मानंतर लगेच ताप चढला आणि ६ फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. कारण सूतिकाज्वर.

हा ताप डॉक्टर आणि सुईणी यांच्याच हातांनी एकीकडून दुसरीकडे जातो, हे अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्येच लिहिले होते. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये आणि व्हिएन्नात झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये तेच दाखवून दिले. तरीही हात धुण्याची साधी सूचना प्रतिष्ठित वैद्यकाला मानहानीची वाटत राहिली. इझाबेलाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, ऑगस्ट १८६५ मध्ये, लिस्टर यांनी ग्लासगोत कार्बोलिक आम्लाचा पहिला प्रयोग केला. त्याच महिन्यात झेमेलवाइस मनोरुग्णालयात मरण पावले. इंग्लंडमधील मातामृत्यूंचे प्रमाण खऱ्या अर्थाने खाली आले ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सल्फा औषधांनंतर. तेव्हा या मरणाला ‘दैव’ म्हणणे हीदेखील एक व्हिक्टोरियन सोय होती.

११ फेब्रुवारीला तिचे दफन दक्षिण लंडनमधील नॉरवुड येथे झाले. विल्यम टाइट यांनी गॉथिक शैलीत रचलेली, १८३७ मध्ये खुली झालेली ही दफनभूमी एका खासगी कंपनीची होती. शहरातील चर्चची अंगणे प्रेतांनी भरून गेल्यामुळे अशा कंपन्या निघाल्या. चॅडविक यांचा १८४३ चा अहवाल आणि १८५२ चा कायदा यांनी त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. रीजंट स्ट्रीटवर १८४१ पासून शोकवस्त्रांचे स्वतंत्र भांडार होते. पतीसाठी विधवेने दोनेक वर्षे काळे वस्त्र वागवावे, ही अपेक्षा होती; पत्नीसाठी पतीवरचे बंधन त्या मानाने फारच सौम्य. १८६१ मध्ये विधवा झालेल्या राणीने तर चाळीस वर्षे काळे वस्त्र उतरविले नाही. शोक म्हणजे प्रामुख्याने स्त्रीने पुरुषासाठी करावयाचे कर्म होते, आणि तरुण पत्नीच्या मरणासाठी त्या व्यवस्थेजवळ दृश्य चिन्हे त्या मानाने कमीच होती.

सॅम्युएल बीटनने आपले चिन्ह छापील पानात शोधले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कोशाच्या शेवटी त्याने पत्नीला उद्देशून एक छोटी श्रद्धांजली जोडली. पाककृतींच्या वर्णानुक्रमानंतर येणारा हा मजकूर म्हणजे एका अर्थाने तिच्या थडग्यावरचा पहिला लेख. पण तो फार काळ टिकला नाही. मे १८६६ मध्ये ओव्हरएंड-गर्नी ही वित्तसंस्था कोसळली, बीटनचे दिवाळे निघण्याची वेळ आली आणि पत्नीच्या ग्रंथाचे हक्क त्याने वॉर्ड, लॉक अँड टायलर या प्रकाशनसंस्थेला विकले. पुढील आवृत्त्यांतून लेखिकेच्या मृत्यूचा उल्लेख वगळण्यात आला. पाककृती वाढल्या, पाने वाढली आणि ‘मिसेस बीटन’ अजूनही स्वयंपाकघरात उभ्या राहून नवे पदार्थ करीत आहेत, असा समज वाचकांत राहू दिला गेला.

‘लेखकाचा मृत्यू’ ही रोलाँ बार्त यांची १९६० च्या दशकातील घोषणा समीक्षेत भरपूर चर्चिली गेली आहे. येथे मात्र उलट घडले. लेखिका खरोखरच मेली आणि लेखकनाम जगले. एवढेच नव्हे, तर ते जगावे म्हणून तिचे मरण झाकावे लागले. लेखकनाम हे मजकुराच्या व्यवहाराचे नियमन करते, हे फूको यांचे १९६९ मधील प्रतिपादन या प्रकरणाला अधिक जवळचे आहे. पण फूको यांच्या विवेचनात नसलेली एक गोष्ट येथे आहे : हे नाव एका आईचे होते, आणि घराची घडी बसविणारी आई मरू शकते, हे त्या ग्रंथाच्या ग्राहकाला कळू देणे परवडणारे नव्हते. क्लारा कॉपरफील्डसाठी रडणारा वाचकवर्ग आणि मिसेस बीटन यांच्या सल्ल्याने जेवण मांडणारा वाचकवर्ग एकच होता. एका मरणाची त्याला किंमत आकारली गेली. दुसरे त्याला कळविलेच गेले नाही. शोक लपविण्याची सुरुवात विसाव्या शतकात झाली असे मानणाऱ्यांनी या आवृत्त्या चाळून पाहाव्यात.

या झाकपाकीचा एक परिणाम प्रतिमेच्या इतिहासात दिसतो. लिटन स्ट्रेची यांना मिसेस बीटन यांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यांच्या कल्पनेतील ही बाई ठेंगणी, काळ्या वस्त्रांतील, करड्या चेहऱ्याची आणि राणीसारखी दिसणारी होती. अठ्ठावीसाव्या वर्षी गेलेल्या स्त्रीला वाचकांच्या कल्पनेने वृद्ध विधवा करून टाकले होते. खरे वैधुर्य भोगले ते सॅम्युएलने; क्षयाने १८७७ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मरण पावल्यावर त्याला नॉरवुडला तिच्याच शेजारी पुरण्यात आले. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत १९३२ मध्ये इझाबेलाचे १८५७ च्या सुमाराचे रंगविलेले छायाचित्र आले, तेव्हा पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखातील विशीची मुलगी पाहून लोक चकित झाले. ते छायाचित्र देणारे सर मेसन बीटन तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांच्याच जन्मानंतर आठव्या दिवशी त्यांची आई गेली होती.