भविष्यासाठी राखलेले सॉकेट : होम थिएटर रिसीव्हरची पन्नास वर्षे

१/
१९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात मरँट्झ या कंपनीच्या स्टिरिओ रिसीव्हरच्या पाठीमागे एक लहानसे सॉकेट असे. त्याच्याशेजारी ‘क्वाड्रॅडियल’ असा शब्द छापलेला असे. विकत घेतल्या दिवशी त्या सॉकेटचा उपयोग काहीच नव्हता, कारण त्यात जे जोडायचे ते अजून बाजारात आलेले नव्हते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने पुढेमागे चार वाहिन्यांच्या एफएम प्रसारणाला मान्यता दिली, तर त्याचा डीकोडर येथे जोडावा, अशी ती आगाऊ तजवीज होती. ते प्रसारण घरोघरी कधी पोहोचलेच नाही.

२/
आज नव्या होम थिएटर रिसीव्हरच्या जाहिरातीत ‘भविष्यासाठी सज्ज’ असे शब्द हमखास सापडतात. त्या शब्दांची पारख करायची, तर हे रिकामे सॉकेट ध्यानात ठेवावे.

रिसीव्हर म्हणजे नेमके काय? एकाच पेटीत राहणारे एक हमाल आणि एक दुभाषा. हमाल म्हणजे अँप्लिफायर : क्षीण संकेताला बळ देऊन तो स्पीकरपर्यंत वाहून नेतो. दुभाषा म्हणजे डीकोडर : तबकडी, फीत, रेडिओ किंवा केबल यांतून आलेल्या संकेतात कोणता आवाज कोणत्या स्पीकरचा, हे तो उलगडून सांगतो. जाहिरात बहुधा दुभाष्याची होते. म्हातारा होऊन आधी घरी बसतो तोही दुभाषाच. ही गोष्ट मुख्यतः त्याची आहे.

३/
प्रारंभ स्टिरिओ तबकडीपासून. १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाचे पेटंट मागितले. तबकडीवरच्या खाचेला दोन भिंती असतात. प्रत्येक भिंतीवर एक वाहिनी कोरायची आणि एकाच सुईने दोन्ही वाचायच्या, ही कल्पना त्यात होती. ती बाजारात रुजायला १९५७-५८ साल उजाडले. पण खाचेला तिसरी भिंत नसते. पुढच्या सगळ्या तारांबळीचे मूळ या साध्या भूमितीत आहे.

४/
कारण १९६०च्या दशकाच्या अखेरीस लोकांना चार बाजूंनी आवाज हवा झाला. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइड या चमूने ‘ॲझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाचे यंत्र वापरून आवाज प्रेक्षागृहात फिरवून दाखवला होता. घरात मात्र हा चमत्कार आणायचा कसा? चुंबकीय फितीवर हे सोपे होते : चार पट्टे शेजारी शेजारी ठेवले की झाले. १९७०च्या सुमारास तशा फिती विकायलाही आल्या. परंतु संगीताचा खरा बाजार तबकडीचा होता, आणि तबकडीच्या खाचेला भिंती दोनच.

५/
यावर पहिला तोडगा ‘मॅट्रिक्स’चा. चौघांचे सामान दोन पेट्यांत भरायचे, आणि कोणती वस्तू कोणाची हे ओळखता यावे म्हणून भरताना घडी थोडी वेगळी घालायची. ही वेगळी घडी म्हणजे ध्वनिलहरींच्या कलेत केलेला फरक. मुक्कामी पोहोचल्यावर डीकोडरने घडी पाहून सामान वेगळे करायचे. कोलंबिया रेकॉर्ड्सची चालक कंपनी सीबीएस हिने १९७१ मध्ये ‘एसक्यू’ नावाची अशी पद्धत आणली. जपानच्या सान्सुईची ‘क्यूएस’ त्याच काळातली.

अडचण उघड आहे. चारांचे दोन केल्यावर दोनांचे पुन्हा शुद्ध चार होत नाहीत. साध्या एसक्यू डीकोडरमध्ये काही दिशांमधले विलगीकरण अवघे ३ डेसिबलच्या आसपास राहत असे. चांगल्या स्टिरिओ कार्ट्रिजमध्ये हाच आकडा २५-३० पर्यंत जातो. मागच्या स्पीकरमधला गायक पुढच्या स्पीकरमध्येही डोकावत राही. कोणत्या क्षणी कोणती दिशा प्रबळ आहे हे ओळखून बाकीच्यांना दाबणारी ‘लॉजिक’ मंडले पुढे आली. त्यांनी फरक पडला, पण किंमतही वाढली.

६/
दुसरा तोडगा अधिक धाडसी होता. जपानच्या जेव्हीसी कंपनीच्या ‘सीडी-४’ पद्धतीत प्रत्येक भिंतीवर पुढच्या आणि मागच्या वाहिनीची बेरीज नेहमीसारखी कोरली जाई, आणि त्यांची वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवली जाई. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे हा भाग ऐकणाऱ्याच्या नकळत तबकडीत दडलेला असे. डीमॉड्युलेटरने तो काढायचा, बेरीज-वजाबाकी जुळवायची, की चार वेगळ्या वाहिन्या हाती. साध्या स्टिरिओ यंत्रावरही तीच तबकडी विनातक्रार वाजे. शाळकरी बीजगणिताचा इतका देखणा उपयोग त्या काळच्या घरगुती यंत्रांत क्वचितच आढळतो.

मात्र सुईला आता सुमारे ४५ किलोहर्ट्झपर्यंतची थरथर वाचायची होती. नेहमीच्या सुईच्या टोकाला ते झेपेना. त्यासाठी जेव्हीसीचे अभियंता नोरिओ शिबाता यांनी वेगळ्या आकाराचे टोक घडवले. ‘शिबाता’ सुई आजही विकली जाते. ज्या पद्धतीसाठी ती जन्मली ती पद्धत इतिहासजमा झाली. केबलही खास, कमी धारितेची लागे. तबकडी झिजली की आधी मरे ती ही नाजूक वाहक लहर.

७/
एव्हाना ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या छावण्या पडल्या होत्या. सीबीएस आणि ब्रिटनची ईएमआय एसक्यूच्या बाजूला. आरसीए आणि वॉर्नर समूह सीडी-४ च्या बाजूला. काही लहान कंपन्या क्यूएसकडे. आवडता गायक कोणत्या कंपनीशी करारबद्ध आहे, यावर घरात कोणता डीकोडर हवा हे ठरू लागले. ग्राहकाने गाणे निवडायचे की कंपनी?

८/
या कोंडीचे उत्तम स्मारक म्हणजे मरँट्झचा ‘४४००’ हा रिसीव्हर. १९७०च्या दशकाच्या मध्यास तो या वर्गातल्या बड्या यंत्रांपैकी एक होता. चार वाहिन्या, प्रत्येकी ५० वॅट. दर्शनी भागावर चक्क एक छोटा ऑसिलोस्कोप. चारही वाहिन्यांचा आवाज हिरव्या रेषांच्या आकृतीत नाचताना दिसे. (त्याची उपयुक्तता थोडी, पण पाहुण्यांवर छाप पाडण्यात त्याचा हात धरणारे दुसरे काही नव्हते.) साध्या स्टिरिओ तबकडीतून चार वाहिन्यांचा आभास निर्माण करणारी ‘व्हॅरी-मॅट्रिक्स’ सोयही होती.

आता मर्यादा पाहा. एसक्यूचा डीकोडर खोबणीत बसवण्याचा सुटा भाग होता. उद्या अधिक चांगला निघाला तर जुना काढून नवा बसवावा, असा हेतू. म्हणजे दुभाषा बदलावा लागणार हे कंपनीला ठाऊक होते. आणि सीडी-४ साठी? ‘सीडी-४००’ नावाची वेगळी पेटी घेऊन शेजारी ठेवावी लागे. दिमाखदार यंत्राच्या कुशीला एक जोड-पेटी. हे दृश्य लक्षात असू द्यावे.

याच रिसीव्हरमध्ये आणखी एक कळ होती. ती फिरवली की चार अँप्लिफायर जोडीजोडीने एकत्र येत आणि यंत्र प्रत्येकी १२५ वॅटचा दोन वाहिन्यांचा स्टिरिओ रिसीव्हर होई. क्वाड फसले तर? या प्रश्नाचे उत्तर कंपनीने मुकाट्याने यंत्रातच देऊन ठेवले होते.

९/
आणि क्वाड फसलेच. १९७०चे दशक संपता संपता मोठ्या कंपन्यांनी चार वाहिन्यांच्या तबकड्या जवळपास बंद केल्या. दोष एकट्या तंत्राचा नव्हता : चार स्पीकरना जागा देणारी दिवाणखान्याची रचना थोड्यांकडेच होती, आणि तीन परस्परविरोधी पद्धतींपैकी टिकणार कोणती, हे दुकानदारालाही सांगता येत नव्हते. थांबून पाहणे हाच शहाणपणा ठरला, आणि सगळेच थांबल्यावर बाजार उरत नाही.

१०/
परंतु मॅट्रिक्स मेले नाही. ते चित्रपटगृहात गेले.

चित्रपटात बहुवाहिनी आवाज जुनाच. डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी १९४० साली ‘फँटासाउंड’ ही व्यवस्था उभारली होती. ती इतकी खर्चिक होती की मोजक्याच चित्रपटगृहांत बसली. पुढे ७० एमएम फितीवरच्या चुंबकीय पट्ट्यांनी ते काम केले. मुंबईच्या प्रेक्षकांना ही मेजवानी ठाऊक आहे : १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेला ‘शोले’ ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह मिनर्व्हात गाजला. पण अशा प्रती महाग, आणि त्या दाखवू शकणारी चित्रपटगृहे थोडी.

डॉल्बी प्रयोगशाळेने नेमकी हीच गाठ सोडवली. साध्या ३५ एमएम फितीवरच्या ध्वनिपट्टीत दोन वाहिन्या बसत. त्यांत डावी, मधली, उजवी आणि सभोवतालची अशा चार वाहिन्या मॅट्रिक्सने भरल्या. ‘डॉल्बी स्टिरिओ’ची ही पद्धत १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ने जगभर पोहोचवली.

येथे मॅट्रिक्स यशस्वी का झाले? कारण मागणीच बदलली होती. संगीतात चारही दिशांना सारखा मान हवा होता. चित्रपटात पडद्यावरचे संवाद मधोमध ऐकू आले आणि मागून पाऊस किंवा विमानाची घरघर आली, की प्रेक्षक तृप्त. तेच अर्धवट विलगीकरण इथे पुरेसे ठरले.

११/
पुढची पायरी जवळजवळ आपोआप घडली, आणि होम थिएटरचा जन्म तीत आहे. चित्रपट स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवर किंवा लेझरडिस्कवर उतरवला, की दोन वाहिन्यांत घडी घालून ठेवलेल्या चारही वाहिन्या त्यासोबत घरी येत. नवी फीत नको, नवी तबकडी नको. १९८२ मध्ये ‘डॉल्बी सराउंड’चे घरगुती डीकोडर आले, १९८७ मध्ये अधिक हुशार ‘प्रो लॉजिक’. क्वाडच्या ग्राहकाला आधी यंत्र घेऊन मग तबकड्या शोधाव्या लागत. येथे खजिना आधीच कपाटात होता. किल्ली तेवढी विकत घ्यायची होती.

मर्यादा याही पिढीला होत्या. मागचे स्पीकर दोन असले तरी त्यांची वाहिनी एकच, आणि तीही ७ किलोहर्ट्झपर्यंत छाटलेली.

१२/
ही मर्यादा अंकीय ध्वनीने मोडली. १९९२ मध्ये ‘बॅटमन रिटर्न्स’ डॉल्बी डिजिटलसह चित्रपटगृहात आला : पाच स्वतंत्र पूर्ण वाहिन्या आणि खोल गडगडाटासाठी वेगळी एक, म्हणजेच ५.१. १९९५ मध्ये हा ध्वनी लेझरडिस्कवर आला, आणि जुने दृश्य पुन्हा दिसले. डिस्कवरचा हा संकेत रेडिओ वारंवारतेच्या रूपात साठवलेला असल्याने रिसीव्हरला तो थेट कळेना. अनेक घरांत प्लेअर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये आरएफ डीमॉड्युलेटर नावाची जोड-पेटी आली. दोन-तीन वर्षांत डीव्हीडीने ती निरुपयोगी केली.

क्वाडला मात्र या अंकीय युगात अनपेक्षित न्याय मिळाला. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चे ॲलन पार्सन्स यांनी केलेले चार वाहिन्यांचे मिश्रण १९७३ मध्ये एसक्यू तबकडीवर निघाले होते, अर्थात दोन वाहिन्यांत घडी घालून. २०११ च्या विशेष संचात ते चार स्वतंत्र वाहिन्यांत, ब्लू-रेवर आले. ते वाजवताना ५.१ संचातला मधला स्पीकर गप्प बसतो. १९७३ मध्ये त्याला जागाच नव्हती.

१३/
एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ च्या अखेरीस आली आणि चित्र व ध्वनी एका केबलीतून धावू लागले. पाठीमागचे तारांचे जंगल ओसरले. पण रिसीव्हरच्या दुभाष्याला आता दूरचित्रवाणीचीही भाषा यावी लागे. २०१४ च्या सुमाराचे काही रिसीव्हर ४के चित्राचा दावा करीत होते, पण एचडीसीपी २.२ हे प्रत-संरक्षण त्यांना येत नव्हते. त्यामुळे संरक्षित ४के चित्रपट त्यांच्यातून पुढे जाईना. अँप्लिफायर धडधाकट, अडले ते दारावरच्या परवान्याशी.

१४/
२०२० मध्ये एचडीएमआय २.१ असलेले ८के रिसीव्हर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एक्सबॉक्स सिरीज एक्स हा गेम कन्सोल बाजारात उतरला. ४के चित्र सेकंदाला १२० वेळा बदलण्याच्या त्याच्या वेगात या रिसीव्हरमधून चित्र गेले, की पडदा काळा पडे. दोष आतल्या एचडीएमआय चिपचा होता, आणि ती चिप अनेक नाममुद्रांच्या यंत्रांत एकसारखी होती. एका कंपनीने आतला बोर्ड बदलून देण्याचा मार्ग धरला. डेनॉन आणि मरँट्झ यांची मालक असलेल्या साउंड युनायटेडने मे २०२१ पासून ग्राहकांना कन्सोल आणि रिसीव्हर यांच्यामध्ये लावायची एक छोटी पेटी विनामूल्य देऊ केली.

४४०० च्या शेजारी ठेवायच्या ‘सीडी-४००’ पेटीवरही मरँट्झचेच नाव होते.